बसून दिसणारा समुद्र

"जरा सरकता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

मी एका घराच्या गच्चीवर फरशीवर मांडी घालून बसले होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. वर पाहिलं. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू समोरचा समुद्र यानंच आणून ओतलाय.

"नाही सरकत," मी म्हटलं.

"बरं... मग हसा तरी."

हसा म्हणे! सकाळपासून मी सुट्टीसाठी भाड्यानं घर बघत किनाऱ्यावर वणवण फिरत होते. जाहिरातीत प्रत्येक घरासमोर निळाशार समुद्र, आणि जाऊन बसावं तर नाकासमोर कठडा!

"हे जाहिरातीतले फोटो काढतं कोण हो?"

"मीच की! इथल्या सगळ्या घरांचे," तो ऐटीत म्हणाला.

झालं. आगीत तेल.

"मग ऐका. मागच्या सुट्टीत आम्ही तुमचा फोटो बघून घर घेतलं. माझे बाबा चाकांच्या खुर्चीत असतात. सगळी सुट्टी त्यांनी लाटांचा आवाज ऐकला आणि कठडा पाहिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, 'मला आता कुठे नेऊ नका.' या वेळी किती विनवण्या केल्या, तेव्हा एका अटीवर तयार झालेत. बसल्या जागी समुद्र दिसला पाहिजे. नाही दिसला, तर पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. आणि ते म्हणतात ते करतात. माझ्यात हा हट्टीपणा कुठून आला असेल?"

तो थोडा वरमला. पण वरमला म्हणून गप्प बसेल, तर तो फोटोवाला कसला!

"फोटो खोटा नाहीये पण. समुद्र आहे ना तिथे..."

"कुठून काढलात?"

"म्हणजे... गच्चीवरूनच."

"गच्चीवर कुठून?"

त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा केला. "...स्टुलावर चढून."

"बसा इथे."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या सुट्टीत! बसा म्हटलं ना!"

बसला बिचारा. माझ्या शेजारी, मांडी घालून.

"काय दिसतं?"

"कठडा."

"मोठ्यानं!"

"कठडा दिसतो!"

मला वाटलं, आता उठेल, कपडे झटकेल आणि काहीतरी विनोद करेल. पण तो उठला नाही. त्या सिमेंटच्या कठड्याकडे बघत बराच वेळ तसाच बसून राहिला. हे माझ्या लक्षात आलं. रागावले होते म्हणून काय झालं, डोळे उघडेच होते.

"एक घर आहे," तो हळूच म्हणाला. "पण ते कोणी घेत नाही. माझा एकही फोटो तिथे धड आलेला नाही. छप्पर इतकं खाली उतरलंय, की ओसरीत उभं राहिलं की डोळ्यांपुढे नुसती पत्र्याची कड."

"मग मला कशाला सांगताय?"

"कारण... मी तिथे कधी बसलो नाहीये."

वाळूतून चालताना माझ्या चपला हातात आणि राग नाकावर. तो दोन पावलं मागून येत होता.

"तुम्ही नेहमीच एवढ्या चिडलेल्या असता?"

"नाही. कधी कधी जास्त चिडते."

"मग आज नशीब माझं!"

मी मान फिरवली. हसू आलं होतं ना, ते त्याला कशाला दाखवा?

घराचा रंग उडालेला होता. दारातल्या मालकीणबाई त्याला बघताच कडाडल्या, "पुन्हा आलास, मेल्या? तुझ्या फोटोंमुळे माझं घर ओस पडलंय!" मला त्या बाई एकदम आवडल्या.

ओसरीला पायरी नव्हती, कठडा नव्हता. खुर्ची सरळ आत आली असती. पण समोर खरंच पत्र्याची कड आणि तिच्याखाली हातभर वाळू. त्याला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं... तर हा माझ्या आधीच खाली बसून समोर बघत होता.

"बसा ना," तो म्हणाला.

मी बसले.

समुद्र. सगळाच्या सगळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही मला राग आला.

"आता का नाही काढत फोटो?" मी नाक ओढत विचारलं.

"तुम्ही फ्रेममध्ये येताय," तो म्हणाला. "...आणि सरकू नका."

पुढच्याच आठवड्यात आम्ही बाबांना घेऊन आलो. खुर्ची ओसरीत लावली आणि बाबा जे बघत बसले, ते बघतच बसले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तर दोन्ही वेळा "हो" म्हणाले आणि हलले नाहीत.

संध्याकाळी फोटोवाला हजर. म्हणे, घराचे फोटो काढायचे राहिलेत. कॅमेरा मात्र पिशवीतच! आणि उभा कुठे राहिला, तर बाबांच्या बरोब्बर समोर.

"अहो, समुद्र झाकताय," बाबा म्हणाले.

तो चटकन खाली बसला, चाकाला टेकून. मग दोघांच्या गप्पा जुंपल्या. मी चहा करायला आत गेले, तर बाबांचं हसणं आतपर्यंत ऐकू आलं. बाबा आजारी पडल्यापासून डॉक्टर काय, काका काय, सगळे त्यांच्याशी उभ्याउभ्या बोलतात, वरून, मोठ्यानं. मला त्या सगळ्यांचा राग येतो. मीही तशीच बोलते, आणि तो राग सगळ्यात मोठा.

चहा घेऊन बाहेर आले तर बाबा म्हणाले, "ठिणगे, हा बसून बोलतो." माझ्या रागामुळे बाबा मला ठिणगी म्हणतात.

फोटोवाल्यानं माझ्याकडे वर पाहिलं. "राग गेला का?"

"नाही."

"बरं झालं. तो जाईपर्यंत तरी तुम्ही माझ्याशी भांडाल, असं मी धरून चाललोय."

"आडून नका बोलू. काय ते स्पष्ट सांगा."

त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे. "स्पष्ट म्हणजे... तुम्ही मला आवडता. उभ्यानंही, आणि बसूनही."

मी चहाचे कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

बाबांनी समुद्रावरची नजर काढली नाही. "ठिणगे," ते म्हणाले, "अजून उभी का?"

मी कप खाली ठेवले आणि त्याच्या शेजारी बसले.