पाकदेचा मानाचा मासा

दोष साकिरानचाच. माझ्या बापाचा थोरला भाऊ, माझा पाकदे. कारखान्याने पाण्यात विष सोडलं हे खरंच. पण त्याच पाण्यात मासा म्हातारा होईस्तोवर पोसला तो याने.

आमच्या ग्रसिक गावात ईदच्या तोंडावर मासेबाजार भरतो. सगळ्यात थोराड बांडेंग माशाला मान मिळतो, म्हणून लोक एखादा मासा न विकता वर्षानुवर्षं तळ्यात राखतात. मत्स्यशाळा मी अर्ध्यावर सोडली, तरी एवढं शिकलो होतो की हे विष धुऊन जात नाही. चरबीत साचतं. मासा जितका जुना, तितकं जास्त.

हे सांगितलं, तर पाकदे म्हणाला, "शाळेतनं पळालेल्याने शाळा घेऊ नये."

बाजाराच्या दिवशी दुपारी मी टोपली घेऊन आमच्या तळ्यावर गेलो. जाळं टाकण्याआधीच मासा आपण होऊन काठाला आला. कणा वाकडा, डोळे दुधाळ. तडफडलासुद्धा नाही. टोपली बाजारात नेली, तर तिथली मांजरं ती बघून लांब सरकली.

मान आम्हालाच मिळाला! ढोल, फटाके, पोरांचा गिल्ला. पाकदे लुंगी सावरत नाचला. "बघ रे दानांग, पळपुट्या!" मीही नाचलो, खोटं कशाला बोलू?

मगरिबची अजान झाली, रोजा सुटला. निखाऱ्यावर भाजलेला मासा केळीच्या पानावर आला. पोटाचा लोण्यासारखा तुकडा पाकदेने आपल्या गरोदर लेकीपुढे, सुलास्त्रीपुढे धरला.

"तिला नको, पाकदे. पोटात बाळ आहे."

"म्हणूनच देतोय. गप बस."

तिने तोंड उघडलं. धुराच्या वासाखालून कारखान्याच्या नाल्याचा वास आला... आणि पानावरच्या भाजक्या डोक्याचे कल्ले उघडले. मिटले. सावकाश... पुन्हा उघडले.

"बाबा..." सुलास्त्रीने त्याचा हात दूर लोटला. "हा श्वास घेतोय..."

"मेलेला मासा मला शिकवणार?" पाकदे खो खो हसला आणि अख्खा मासा एकट्याने संपवला.

सुलास्त्रीला मुलगी झाली. गुटगुटीत, रडली की गल्ली जागी करणारी! घरात रोजच ईद. आजोबाच्या मांडीवर ती खिदळते, कारण त्याची उजवी मूठ आपोआप उघडते... मिटते... सावकाश. तो झोपला तरी.

त्या हाताने पाकदेला आता घास उचलता येत नाही.