नंबर दोन हाजिर

एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सर्जेराव भोईटे तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते आणि नेमक्या चौसष्टाव्या वेढ्याला त्यांच्या मनगटावरचं कडं थरथरलं. दुकानातल्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"शालन, धर गं जरा!" त्यांनी आत हाक मारली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जळालेल्या सौरपंपांच्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायचं काम तिथे चाले. शालनताई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी तार सैल होऊ न देता आपल्या हातात घेतली.

"आली वाटतं सवतीची हाक," त्या म्हणाल्या.

"चौसष्ट. ध्यानात ठेव."

"माझ्या ध्यानात ऱ्हातं. गेल्या खेपेला आकडा इसरून मोटर दोनदा कुणी भरली, ते बी ध्यानात हाय."

सर्जेराव हसत बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडे, खामगावजवळच्या एका खेड्यात, दिगंबर इंगळेनं तो लगेच उचलला.

"नंबर दोन हाजिर," सर्जेराव म्हणाले.

"नंबर एक चालू," उत्तर आलं. "हवालदारसाहेब, आमच्या कर्नलनं आज सरपंचाच्या सुनेची वाळत घातलेली साडी खाल्ली."

कर्नल हा दिगंबरचा बोकड. त्याचे पराक्रम ऐकण्यात रोजची वीस मिनिटं कशी जात ते कळतही नसे. अकरा महिने झाले, दोघं असे बोलत होते, आणि अजून त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

दोघेही फौजेच्या इंजिनिअर पलटणींमधले, सुरुंग शोधून निकामी करणारे. ते काम जोडीनं चालतं. नंबर एक पुढे गुडघ्यावर बसून सळईनं जमीन चाचपतो, नंबर दोन पंचवीस पावलं मागे उभा राहतो. दर थोड्या वेळानं मागच्यानं ओरडायचं, "नंबर दोन हाजिर!" आणि पुढच्यानं उत्तर द्यायचं, "नंबर एक चालू!" आपल्यामागे कोणीतरी आहे एवढं कानावर पडलं की पुढच्याचा हात कापत नाही. वीस मिनिटांनी बदली व्हायची आणि बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा दंडकच होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी शेजारच्या पट्ट्यात सुरुंग फुटला आणि सर्जेरावांचा मणका दुखावला. दुखणं थांबावं म्हणून ज्या गोळ्या सुरू झाल्या, त्या पाठ बरी झाल्यावरही सुटेनात. आधी दोन, मग चार, मग मोजदाद गेली. चार वर्षांपूर्वी एकुलत्या एका लेकीच्या, तेजश्रीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना वधूपिता मागच्या खोलीत गोळ्या खाऊन आडवा पडला होता. कन्यादान मामानं केलं. त्यानंतर लेक माहेरी राहायला म्हणून आली नव्हती. आता तिचं पहिलं बाळंतपण दोन महिन्यांवर होतं आणि गेल्या आठवड्यात तिनं आपणहून आईला कळवलं होतं, "इकडेच येते." त्या दिवसापासून सर्जेरावांना आनंदही होत होता आणि भीतीही वाटत होती. पुन्हा पाय घसरला तर लेकीला काय तोंड दाखवणार?

पाय घसरू नये म्हणून तर ते कडं होतं. जोडकडं म्हणत त्याला. पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टर मृदुला केळुसकर यांनी ते तयार केलं होतं. तलफ येण्याआधी आठ-दहा मिनिटं माणसाच्या घामातली काही रसायनं वाढतात. त्याला स्वतःला पत्ता नसतो, पण कडं ते ओळखतं. पहिल्या प्रयोगात कडं घालणाऱ्यालाच सूचना देई, आणि तो बिचारा तलफ येणार, तलफ येणार असं घोकत बसे आणि गोळीच शोधायला जाई. मग डॉक्टरांनी उलटं केलं. एकाच्या घामाची वार्ता दुसऱ्याच्या मनगटाला. दुसऱ्यानं फोन करायचा, तलफेचं नावही काढायचं नाही, आणि वीस मिनिटं बोलत राहायचं. तेवढ्यात लाट ओसरते. दोघांनी वर्षभर भेटायचं मात्र नाही, कारण दोन व्यसनी भेटले तर एकमेकांना सावरतीलच याची खात्री कोणी द्यावी?

बोलणं संपवून सर्जेराव आत आले. शालनताईंनी शंभर वेढे पुरे केले होते. "तुमच्यापरीस सरळ बसल्यात," त्यांनी ऐकवलं. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराच्या सुमारास दुकानासमोर एक पांढरी गाडी आवाज न करता उभी राहिली. उतरल्या त्या स्वतः डॉक्टर केळुसकर. शालनताई ड्रायव्हरसाठीही चहा घेऊन गेल्या आणि गाडीत कोणीच नाही हे पाहून कप तसाच परत घेऊन आल्या. "चालवायला माणूस नगं, मग हिला रस्ता तरी कशाला हवा," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. चहा अर्ध्यावर ठेवून त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"भोईटे, आमच्याकडे आता एक नवी कुपी आलीय. तांदळाच्या दाण्याएवढी. दंडाच्या कातडीखाली बसवली की पाच वर्षं थेंबाथेंबानं औषध सोडते. मेंदूतल्या ज्या कुलपाला गोळीची किल्ली लागते, ते कुलूपच ती बुजवून टाकते. तलफ येतच नाही."

"मग बरंच हाय की."

"दोन हजार निवृत्त जवानांना बसवली. सगळ्यांचे आकडे शून्यावर आले. फक्त एकाचे नाहीत." त्या थांबल्या. "इंगळेंचे. चार महिन्यांपूर्वी बसवलीय त्यांना. जोडीदाराचा धीर खचू नये म्हणून त्याला सांगू नका, असं आम्हीच त्यांना बजावलं होतं. तपासणीसाठी कडं तेवढं हातात ठेवलं. आणि ते कडं रोज सकाळी अकराला वाजतंय."

सर्जेरावांनी हातातली पक्कड खाली ठेवली. चार महिने! तो बोकड, ती साडी, ते सरपंचाचं भांडण, हे सगळं ऐकवणाऱ्यानं एवढी गोष्ट पोटात ठेवली? त्यांना आधी राग आला आणि मागोमाग फसवलं गेल्याचं वाईट वाटलं.

"कुपी काम करत नसेल तर मला दोन हजार जणांचं औषध थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि इंगळेंनी कड्याशी काही छेडछाड केली असेल, तर नियमानं त्यांचं नाव कमी करून कुपी काढून घ्यावी लागेल. फोनवर ते काय बोलतात, ते तुम्हीच सांगू शकता."

"बोकडाबद्दल बोलतो," सर्जेराव म्हणाले. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतंच.

डॉक्टरांनी पिशवीतून पातळ पडदा काढून त्यांच्यापुढे धरला. दोन रेघा होत्या, एक निळी, एक तांबडी. "ही इंगळेंची. आधी त्यांची तलफ संध्याकाळी सहाची होती. कुपी बसल्यावर ती सहाची लाट गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून अकराची सुरू झाली. हे माझ्या बुद्धीच्या पलीकडचं आहे. आणि ही तुमची."

सर्जेरावांनी तांबड्या रेघेकडे पाहिलं. त्यांची स्वतःची वेळ सकाळी अकराची होती. पहिल्या सात महिन्यांत रोज त्या वेळेला रेघ डोंगरासारखी उठत होती, आणि तेव्हा फोन दिगंबरच करायचा. मग अचानक सपाट झाली होती, आणि चार महिने तशीच सपाट होती. त्यांना कुपी बसवलेली नव्हती.

त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. काहीतरी समजत होतं, पण ते बोलून दाखवण्याआधीच मनगटावरचं कडं थरथरलं. अकरा वाजून दोन मिनिटं.

"डॉक्टरबाई, त्याला विचारतो. तुमीबी ऐका. पण तुमी हितं हाय, हे त्याला आधी सांगणार. चोरून ऐकणं न्हाई."

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"नंबर दोन हाजिर. दिगंबर, माझ्यासंगं केळुसकर डॉक्टर बसल्यात. तुझ्या दंडात कुपी हाय?"

पलीकडे कर्नल मोठ्यानं ओरडला. दिगंबरनं त्याला दूर हाकललं.

"हाय," दिगंबर शेवटी म्हणाला. "चार महिने झाले."

"मग कडं कशानं वाजतंय रोज?"

"तुमी रागावसान."

"रागावलोच हाय. बोल."

"अकरा वाजले का मी गोठ्यामागं जाऊन बसतो. डोळे मिटतो अन् तो दिवस आठवतो. माहा दोस्त नंबर एक होता, मी पंचवीस पावलं मागं. मी हाक देल्ली, तिकून उत्तर आलं नाई. दुसरी हाक तोंडात होती अन् सुरुंग फुटला." दिगंबरनं श्वास घेतला. "तेवढं आठवलं का घाम फुटते. घाम फुटला का कडं वाजते. अन् तुमचा फोन येते."

डॉक्टर ताठ बसल्या. "भीती," त्या हळूच म्हणाल्या. "तलफ नाही, ती भीती आहे. घामात दोन्ही सारखीच उतरतात. कड्याला फरकच कळत नाही. कुपी ठीक आहे!" त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

सर्जेरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. "अरे, पण कशापायी? रोज त्या दिवसात जायचं म्हंजे..."

"तुमचा वखत अकराचा. सात महिने माह्या कड्यानंच सांगलं होतं. पहाऱ्यावरच्या मानसाले झोप येत नाई, साहेब. मले सांभाळायच्या नादात तुमाले गोळी आठवली काय कधी?"

आठवली नव्हती. चार महिन्यांत एकदाही नाही.

"मले कुपी भेटली, तुमाले नाई," दिगंबर पुढे म्हणाला. "बदली आल्याबिगर जागा कशी सोडू? अन् खरं सांगू काय? तलफ गेली हे बेस झालं. पन तलफ गेल्यावर मले कोन फोन करन? घरात मी अन् कर्नल. मीच हाव लबाड, काय लिहायचं ते लिहू द्या डॉक्टरीनबाईले."

सर्जेरावांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. एक माणूस आपल्यासाठी एकशेवीस दिवस, रोज, स्वतःच्या पायांनी त्या सुरुंगाच्या शेतात जाऊन येत होता. आणि आपण आपलं बोकडाच्या गोष्टींना हसत होतो.

शालनताईच पुढे झाल्या. "दिगंबरभावजी," त्यांनी फोनपाशी वाकून सांगितलं, "तुमची वैनी बोलतीय. आजपासनं तिकडं जायाचं बंद. कळलं का?"

"त्यांचं नाव कमी करणार का?" सर्जेरावांनी डॉक्टरांना विचारलं.

"छेडछाड कुठे केलीय त्यांनी? ते खरोखरच घाबरत होते. घाबरायचं नाही, असा आमचा नियम नाही." मग त्या फोनकडे वळल्या. "पण इंगळे, वैनींचं ऐका. रोज असं केलंत तर ती जखम भरायची नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या भागातल्या आमच्या समुपदेशक बाई तुम्हाला भेटायला येतील." आणि सर्जेरावांना म्हणाल्या, "तुमची कुपी मी बरोबर आणलीय. रेघ सपाट आहे, घेतलीच पाहिजे असं नाही. तुम्ही ठरवा. कडी मात्र मला दोघांचीही परत लागतील. भीतीनं वाजणारं कडं भरवशाचं नाही."

सर्जेरावांनी शालनताईंकडे पाहिलं. आतल्या खोलीत तेजश्रीसाठी धुऊन ठेवलेल्या मऊ सुती गोधड्यांची चळत दिसत होती. त्यांनी बाही वर केली.

"घेतो. लेक येतीय. तिथं मला धोका पत्करायचा न्हाई."

सुई टोचल्याचं जाणवलंही नाही. बोटानं दाबून पाहिलं तर कातडीखाली खरंच तांदळाचा दाणा लागत होता. दिगंबर तोवर फोनवर थांबलेलाच होता.

"इंगळे, माझी कुपी बसली," सर्जेराव उभे राहून म्हणाले. त्यांचा हवालदारी आवाज कित्येक वर्षांनी निघाला होता. "तुझी बदली आली. जागा सोड."

"सोडली, साहेब," पलीकडून आलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

निघताना डॉक्टर गाडीच्या दारात रेंगाळल्या. कडं त्यांच्या हातात होतं. "दोन हजार शून्यं बघून मी खूश होते, भोईटे," त्या म्हणाल्या. "त्यांना आता कोणाचा फोन येतो का, हे विचारायला हवं होतं. परत गेल्यावर पहिलं ते करते." गाडी आवाज न करता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी नवी मोटर घेतली. पाठ दुखत नव्हती, मन स्वच्छ होतं, शालनताई आत काहीतरी गुणगुणत होत्या. मनगटावर कड्याच्या जागी गोरा पट्टा उरला होता. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्टाव्या वेढ्याला त्यांचा हात आपोआप थांबला. घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

काहीच थरथरलं नाही.

त्यांनी दंडातला दाणा चाचपून पाहिला. आत कुठे तलफेचा मागमूस नव्हता. तिकडे दिगंबरलाही नसणार. म्हणजे फोन करायला काही कारण उरलं नव्हतं, आणि कारण नसताना फोन करायची सवय फौजेनं त्यांना लावली नव्हती. काय म्हणायचं? नंबर दोन हाजिर? आता नंबर एक कोण?

"शालन, धर गं जरा!"

"आता कुणाची हाक आली?" शालनताईंनी तार हातात घेत विचारलं.

"कुणाची न्हाई. चौसष्ट."

बाकड्यावर बसून त्यांनी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तो उचलला गेला, जणू पलीकडचा माणूस फोन हातात धरूनच बसला होता.

"काय झालं, साहेब?" दिगंबरचा आवाज घाबरा होता. "तुमचं कडं तर गेलं. काहून फोन केला? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. काय झालं न्हाई," सर्जेराव म्हणाले. "चहा झाला का तुझा?"