‘बोलकी’चे नखरे

गोखिवऱ्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याच्या एवढ्याशा दुकानात उन्नती शिरली आणि बाकावरच्या मुलाच्या लॅपटॉपच्या पडद्यावर तिची नजर खिळली. वर नाव होतं – ‘बोलकी’.

“ही तुझी?”

“मीच लिहिलीय,” छाती फुगवून तो म्हणाला. “मी धनेश. का गं?”

“मी उन्नती. उमेळ्याची. दोन वर्षं तुला तक्रारी लिहितेय ती.”

गोरामोरा झाला बिचारा! तक्रारी त्याला पाठ होत्या. पण लिहिणारी अशी असेल... टपोऱ्या डोळ्यांची, छत्रीचं पाणी खुशाल त्याच्या बुटांवर गाळत उभी...

आता ही ‘बोलकी’ म्हणजे लायब्ररी, पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅममध्ये घालायच्या तयार कोडची. तयार वाटणच म्हणा ना! एकाने वाटायचं, दहा जणांनी आपापल्या कालवणात घालायचं. अक्षरांचा आवाज करायचं काम तिचं. तिच्या जिवावर दुसरे प्रोग्रॅम मराठी वाचून दाखवत. उन्नती नोकरी सांभाळून, हौसेने, एका लिनक्स वितरणासाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या गाठोड्यासाठी, हिचं पॅकेज बांधायची, म्हणजे कुणालाही ती सहज बसवून घेता यावी. आणि हा शहाणा दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या प्रोग्रॅमनी हिला हाक मारायची रीतच बदलायचा, वर आवृत्तीचा आकडा तोच ठेवायचा! बाकीचे प्रोग्रॅम जुन्या रीतीने हाका मारून दमत. बाई ढिम्म.

“वितरणात काय काय ठेवायचं, ती आमची यादी रविवारी पक्की होतेय,” उन्नती म्हणाली. “तोवर हिचे नखरे थांबले नाहीत, तर हिला वगळणार. माझ्या आत्मारामकाकांची नजर गेलीय. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आता पुस्तकं हिच्याकडून ऐकतो. मागच्या महिन्यात तू काहीतरी बदललंस आणि नऊ दिवस ते भिंतीकडे तोंड करून बसले.”

धनेशने मान खाली घातली. “मला वाटलं, तुझ्याशिवाय कुणी वापरतच नाही. आणि... बदल केला की तुझं पत्र यायचं.”

“म्हणजे? माझ्या शिव्या खायला बदलायचास?”

“शिव्या फार छान देतेस गं...”

“निर्लज्ज!” ती म्हणाली खरी, पण कान लाल झाले होते. दुकानदार उगाच स्क्रू शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश उमेळ्याला तिच्या दारात हजर. ओटीवर बसून चार दिवस खपला. जुन्या हाका पुन्हा चालू केल्या, नव्या रीतीला नवा आकडा दिला. काका ऐकून चुका काढत. “जोडाक्षर गिळतेय रे तुझी बाई!” उन्नती चहा आणून द्यायची आणि कप घेताना त्याची बोटं मुद्दाम रेंगाळायची. तिला कळायचं. कप काही ती लवकर सोडायची नाही.

रविवारी दुपारी निरोप आला – ‘बोलकी’ यादीत राहिली. आत काकांचं पुस्तक खणखणीत सुरू झालं.

धनेशने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “आजपासून तुझी सही असल्याशिवाय हिच्यात एक ओळ बदलणार नाही. मलाही तसं करता येणार नाही, बघ.”

“आणि मी प्रत्येक वेळी नाहीच म्हटलं तर?”

“तर रोज विचारायला येईन. उन्नती... मला तू आवडतेस. तक्रारींआधी नाव वाचायचो तुझं, तेव्हापासून...”

ती बोलणार इतक्यात आतला आवाज तुटला. एकदम शांत. दोघं धावत आत गेले, तर काका खुर्चीत हसत बसलेले.

“बिघडलं नाही रे काही. मीच बंद केलं. बाहेरचं जास्त गोड होतं.” त्यांनी कान पुढे केला. “हं, मग? काय म्हणाली ती?”

उन्नतीने पटकन धनेशचा हात धरला.

“हो म्हणाली, काका.”