बटाट्याची सुट्टी

“दे इकडे, मी पाजते!” असं म्हणत लोरेटने डॉनलिनच्या हातातला कप अक्षरशः हिसकावून घेतला, आणि निम्मी कॉफी टेबलावर सांडली. तव्यावर प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, टाकणाऱ्या फर्नांद आत्याचा हात जागच्या जागी थांबला. ज्यांच्यासाठी ही कॉफी केली होती ते आल्सीद मिशो चाकाच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी लेकीकडून सुनेकडे आणि सुनेकडून पुन्हा लेकीकडे पाहिलं, आणि नजर खाली घातली.

लोरेटने चमचा बुडवून पाहिला. कॉफी दाटच होती, चमच्यावरून मधासारखी संथ ओघळत होती, अगदी हवी तशी. तरीसुद्धा तिने डब्यातली दाट करायची पूड आणखी थोडी घातली, ढवळली, पुन्हा ढवळली, आणि मग वडिलांच्या ओठांना कप लावला.

“एकदाच चुकले गं मी,” डॉनलिन हळूच म्हणाली. “जन्मभर तेच धरून बसणार आहेस का?”

लोरेट वडिलांच्या हनुवटीवरचा ओघळ पुसत राहिली. चूक डॉनलिनची होती खरी, पण लोरेटच्या मनात गुन्हेगार ती स्वतःच होती! अर्धांगाच्या झटक्यानंतर पापांचा घसा पाण्यासारखं पातळ काही झेलू शकत नव्हता. पातळ घोट अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरायचा. गेल्या वसंतात लोरेट शेवटच्या परीक्षेला गेली असताना म्हाताऱ्याने डोळ्यांनीच विनवलं, आणि भोळ्या डॉनलिनने त्यांना साधी, पातळ कॉफी दिली. लोरेट परीक्षेचा पेपर लिहीत होती तेव्हा इकडे पापा निळे पडत होते... इस्पितळातून ते परत आले, पण तो निळा रंग लोरेटच्या डोळ्यांपुढून काही हलला नाही. आपण पाठ फिरवली की पापा मरतील, एवढी एकच गोष्ट तिच्या काळजात रुतून बसली.

आणि पाठ तर तिने फिरवली होती! ऑगस्टच्या शेवटी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बॅग भरून ती दक्षिणेच्या विद्यापीठात गेली होती.

हे सोपं नव्हतं. कितीतरी वर्षं ती नदीकाठच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंगं पुसत होती, आणि संध्याकाळी खोऱ्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात एकेक विषय घेत होती; दोन वर्षांचं शिक्षण तिला पुरवून पुरवून सात वर्षं गेलं. आश्रमाचे व्यवस्थापक नेहमी लांबून आलेले. आमच्या खोऱ्यात घरची भाषा फ्रेंच; म्हाताऱ्या शेवटी शेवटी इंग्रजी विसरतात, लहानपणच्या फ्रेंचमध्ये पाणी मागतात, आणि हे साहेब लोक कागदावर लिहितात, ‘रुग्ण असंबद्ध बडबडतो.’ लोरेटला असा आश्रम चालवायचा होता जिथे पाणी मागणाऱ्याला पाणी मिळेल. त्यासाठी आरोग्यसेवेची पदवी हवी. विद्यापीठाने तिचे सगळे जुने विषय धरले, तिला थेट तिसऱ्या वर्षात घेतलं. पण शरीरशास्त्रासारखे विषय तिथे कायम टिकत नाहीत, काही वर्षांनी शिळे मानले जातात, आणि लोरेटचे शिळे व्हायला हेच एक वर्ष उरलं होतं. ही जागा हातची गेली की सगळं पहिल्यापासून. अडतिसाव्या वर्षी पहिल्यापासून कोण सुरू करतं?

विद्यापीठात ती गेली खरी, पण तिथे तिच्या जिवाला क्षणाची शांती नव्हती. वर्गात कुणी खोकलं तरी ती दचकायची. घरी फोन केला आणि उचलायला जरा उशीर झाला की तिला घेरी यायची. तेव्हा सप्टेंबरचा तिसरा आठवडा आला आणि लोरेटने बॅग भरली, बस पकडली आणि घरी आली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. का सांगावं? आमच्या खोऱ्यात बटाटे काढायला आले की शाळा बंद, कॉलेज बंद, दातांचा डॉक्टरसुद्धा दवाखान्याला कुलूप लावून शेतावर असतो. पोरं तीन आठवडे मातीत असतात. ही बटाट्याची सुट्टी लोरेटच्या पणज्याच्या वेळेपासून चालत आलेली. नाताळच्या दिवशी सुट्टी आहे का, असं कुणी विचारतं का? तसंच हे.

घरी येऊन पाहते तो पापा वाळलेले. गालाची हाडं वर आलेली, मानेची कातडी लोंबती. डॉनलिन म्हणाली, खाणं चांगलं आहे, डॉक्टरही समाधानी आहेत. लोरेटने ते ऐकलं आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं... आता परत जायचं नाही. कुणालाही न सांगता, त्या पहिल्या संध्याकाळी पापांच्या पायांवर घोंगडी घालताना, तिने आपलं स्वप्न गुपचूप मिटून ठेवलं. मिटायची सवय तिला जुनीच होती.

वीस वर्षांपूर्वी असंच झालं होतं. अठराव्या वर्षी ती जिल्ह्याच्या गावी परिचारिकेच्या शिक्षणाला गेली होती, तिथेही ही सुट्टी असायची; त्या सुट्टीत घरी आली, आणि त्याच सुट्टीत आई अचानक गेली. सुट्टी संपली त्या सकाळी बॅग घेऊन ती ओसरीवर उभी राहिली. पापांनी तिला बसपर्यंत सोडायचं होतं. पापा गोठ्यामागे गेले ते आलेच नाहीत. ट्रक जागचा हलला नाही. जाऊ नकोस असं ते एका शब्दाने म्हणाले नाहीत, आणि जा असंही नाही. धाकटा भाऊ गिल्मन भूक लागली म्हणून रडायला लागला. लोरेट आत गेली, बॅग उघडली आणि चूल पेटवली. त्या सकाळबद्दल बापलेकीत पुन्हा अवाक्षर निघालं नव्हतं.

सांडलेली कॉफी पुसून होते न होते तोच लोरेटचा फोन वाजला. विद्यापीठातल्या ग्रीलीबाई होत्या, तिच्या वर्गाचं सगळं बघणाऱ्या. बाई सभ्य होत्या, काळजीत होत्या. दोन आठवडे तुझा पत्ता नाही, आजारी आहेस का, म्हणून विचारत होत्या.

लोरेट चकित झाली. “नाही बाई, सुट्टीला घरी आलेय.”

“कसली सुट्टी?”

लोरेटने बटाट्यांचं सांगितलं. मग बाईंनी समजावलं की इथे अशी सुट्टी नसते, कधीच नव्हती. वर्ग रोज चालू आहेत. कोणता विद्यार्थी कोणत्या इस्पितळात शिकायला जाणार ते उद्या सकाळी ठरणार, आणि त्या वेळी विभागप्रमुखांसमोर जो स्वतः हजर नसेल त्याचं नाव कापलं जाणार, जागा दुसऱ्याला. मी फार तर तुझी बाजू मांडेन, बाई म्हणाल्या, पण उभं तुलाच राहावं लागेल.

लोरेटने फोन ठेवला. अडतीस वर्षांची बाई, आणि शाळकरी पोरीसारखी चूक! लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण लाजेखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिचं तिलाच भयंकर वाटलं... तिला हायसं वाटलं होतं. आता ठरवायचं काही उरलंच नव्हतं. सकाळची एकुलती एक बस केव्हाच गेली होती. तिची स्वतःची गाडी उन्हाळ्यातच बंद पडलेली. गिल्मन बटाटे काढायच्या मशीनवर, ट्रक बटाटे वाहण्यात. आज ऊन होतं आणि आज रात्री कडक हिमाचा इशारा होता, जे बटाटे जमिनीत राहतील ते गोठून सडणार. अशा दिवशी आमच्याकडे मशीन थांबत नाही. घरात मयत झाली तरच थांबतं.

“बरं झालं,” ती आत्याला म्हणाली. “सुंठीवाचून खोकला गेला. मी इथेच बरी.”

फर्नांद आत्या ऐंशीला टेकलेली, पण जिभेला धार. “बरं झालं म्हणे! तोंड बघ आरशात. आणि कोणाचं बरं झालं गं? तुझं, की तुझ्या भीतीचं?”

लोरेट रडवेली झाली. आत्याने तव्याखालचा जाळ बंद केला, भावाच्या खुर्चीपाशी गेली, आणि जे फोनवर झालं ते सगळं त्याच्या कानाशी मोठ्याने, फ्रेंचमध्ये, काही न वगळता सांगितलं. लोरेट नको नको म्हणत राहिली.

आल्सीद मिशोंनी ऐकून घेतलं. मग चांगल्या हाताने त्यांनी खुर्चीचं चाक ढकललं. एकाच हाताने ढकललेली खुर्ची गोल फिरते, तशी ती फिरली. डॉनलिन मदतीला धावली तर त्यांनी मान हलवून तिला खिडकीकडे न्यायला लावलं. खिडकीत वायरलेसचा जुना संच होता, घरातून शेतावर बोलायचा. झटका आल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आपलं बोबडं बोलणं अख्ख्या खोऱ्याने ऐकावं, हे त्या मानी माणसाला सोसणारं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

“गिल्मन,” शब्द तोंडात घोळत होते. “थांबव.”

पलीकडून खरखर आली. मग गिल्मनचा घाबरा आवाज, “पापा? तुम्ही बोलताय? काय झालं?”

“मशीन... बंद कर. ट्रक घेऊन ये. लोरेटला... कॉलेजला... सोडायचंय.”

खिडकीबाहेर, उताराच्या शेतात, सकाळपासून घरघरणारं मशीन थांबलं. एवढी शांतता त्या दिवसांत आमच्याकडे कधी नसते. लोरेट वडिलांच्या पायांशी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “पापा, नका हो असं करू. अर्धं शेत जाईल. आणि तुम्हाला ठसका लागला, मी नसले तर? मला तिथे झोप लागत नाही पापा. डोळे मिटले की तुम्ही निळे दिसता.”

आल्सीद तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत असे. त्या बाजूने पाणी ओघळलं.

“त्या वर्षी... मी ट्रक काढला नाही,” ते म्हणाले. “भ्यालो होतो. तुझी आई नाही... तू पण नाही... म्हणून गोठ्यामागे लपलो. बाप असून लपलो.” त्यांनी दम घेतला. “माझ्या भीतीची किंमत तू फेडलीस, पोरी. आता तुझ्या भीतीची... पण नको फेडूस.”

वीस वर्षं ज्या गोष्टीला लोरेट बापाचा कठोरपणा समजत आली होती, ती नुसती भीती होती! तिच्याच छातीत आज होती तसलीच! तिने वडिलांच्या मांडीत तोंड खुपसलं आणि त्या एकाच चांगल्या हाताने त्यांनी तिच्या केसांवरून ओबडधोबड थोपटलं. आत्याने डोळ्यांना रुमालाऐवजी तव्याचं फडकं लावलं आणि पीठ सगळ्या गालाला फासून घेतलं.

मग आल्सीदनी टेबलाकडे बोट दाखवलं. कॉफी.

लोरेट उठायला लागली तर त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं. डॉनलिन पुढे झाली. तिने नवी कॉफी ओतली, पूड मोजून घातली, ढवळली, थांबली, चमच्यावरून ओघळ पाहिला. लोरेटने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. डॉनलिनने कप सासऱ्यांच्या हातात दिला, स्वतः पाजली नाही. “हनुवटी खाली, पापा,” एवढंच म्हणाली. हनुवटी खाली गेली. घोट आत गेला. घसा एकदा अडखळला... मग गिळल्याचा आवाज आला.

“रोज असंच पितात,” डॉनलिन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण कित्येक महिने साठलेलं काहीतरी होतं. “तू गेल्यापासून एकदासुद्धा ठसका नाही. तू विचारलंस कधी मला? फोनवर पण पापांचंच विचारायचीस, दटावून.”

“चुकले गं,” लोरेट म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

गिल्मन चिखलाच्या बुटांनीच आत आला, बॅग उचलली, आणि कुणाकडे न बघता म्हणाला की निघायचं तर आत्ताच. त्याचेही डोळे लाल होते. दोघं ओसरीवर येतात तर काय! खालच्या रस्त्याने गाड्या वर येत होत्या. ज्यांनी वायरलेसवर फक्त आल्सीदचं ‘थांबव’ ऐकलं होतं, आणि ज्यांनी भर उन्हात मिशोंचं मशीन थांबलेलं पाहिलं होतं, त्यांना दुसरं काही सुचणार नव्हतं. पहिल्या गाडीतून शेजारच्या शेताचा रेनॉल्ड डेगल उतरला, टोपी काढून छातीशी धरलेली. मागून त्याची बायको, हातात फडक्याने झाकलेला कोंबडीच्या रश्श्याचा टोप. दोघांचे चेहरे पडलेले. कोण गेलं, हे विचारायचा कुणाला धीर होईना.

आल्सीदची खुर्ची डॉनलिनने दारात आणली. त्यांना तसं जिवंत पाहून रेनॉल्डचं तोंड उघडंच राहिलं.

“कुणी मेलं नाही रे,” आल्सीद म्हणाले. “लेक शिकायला चाललीय.”

रेनॉल्ड टोपी हातात धरून उभाच राहिला. पोरगी शिकायला चालली म्हणून मशीन थांबवलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा अर्ध्या शेताकडे. मग त्याने टोपी डोक्यावर घातली. “मरू दे ते हिम,” तो पुटपुटला. “माझं शेत सकाळीच आटपलं. गिल्मन, मशीनची किल्ली कुठाय?” आणि उत्तराची वाट न बघता उताराला लागला.

ट्रक सुरू झाला. गिल्मनने गियर टाकला, तेवढ्यात लोरेटने त्याच्या दंडावर हात ठेवला. “जरा थांब.”

दारात डॉनलिनने सासऱ्यांच्या हातात उरलेली कॉफी दिली होती. लोरेट काचेतून बघत राहिली. हनुवटी खाली गेली, कप वर गेला. तिचे हात मांडीवरच होते. पापांनी गिळलं, आणि रिकामा कप तिला दिसेल असा उंच धरला.

“चल,” लोरेट म्हणाली, आणि गिल्मनने ट्रक मोठ्या रस्त्याला काढला.