निळी झालेली हिरवी पूड

"अहो, थांबा! ते फेकू नका—"

कादंबरीचा हात कचऱ्याच्या डब्यावरच थांबला. हातात गाळणकागद, त्यावर ओली हिरवी पूड. जर्सी सिटीजवळच्या या लॅबमध्ये ती नुकतीच आली होती, आणि समोर विस्कटलेल्या केसांचा एक मुलगा चक्क मराठीत ओरडत होता.

"मी मराठी हे कसं कळलं?"

"मघापासून 'अगं बाई, अगं बाई' चाललंय तुमचं," तो हसला. "मी ओजस. ही पूड वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकची आहे, वर पॅलेडियम हा धातू बसवलाय. हिच्यामुळे पाण्यातच रिॲक्शन होते, पण ही स्वतः संपत नाही. मग गाळायची, धुवायची, वाळवायची... की पुन्हा तयार."

"चहापत्ती परत उकळतात तशी?"

"तशीच. फक्त हिचा चहा फिका होत नाही."

तेव्हापासून पूड धुणं दोघांचं काम झालं. ती कागद धरायची, तो पाणी सोडायचा. "अजून एकदा धुऊ या," दर वेळी म्हणायचा. बाहेर पाऊस रिमझिमत असायचा, काच धूसर व्हायची, कोपराला कोपर लागायचं... आणि ही बया पुडीचं सोडून त्याच्या मनगटाकडे बघत राहायची. प्रेमात पडली होती, दुसरं काय! पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ.

एका दुपारी लॅबमधली प्रीता सहज म्हणाली, "ओजसला दूरच्या फ्रिस्को शहरातून जॉबची ऑफर आलीये. आज कळवायचंय त्याला."

पूड धुताना कादंबरीचा हात भलत्याच बाटलीवर गेला. अमोनिया! बघता बघता हिरवी पूड निळीशार झाली.

"ओजस... मी पार वाट लावली रे."

तो आला. त्याने सौम्य ॲसिडचे थेंब सोडले. निळ्यातून हिरवा रंग हळूहळू वर आला.

"बघ, आली परत. लक्ष कुठे होतं?"

"फ्रिस्कोत." ती त्याच्याकडे वळली. "नको ना जाऊस. मला— मला तू हवायस."

त्याने खिशातून फोन काढला.

"सकाळीच 'नाही' लिहून ठेवलंय. पाठवत नव्हतो... तू काही बोलशील म्हणून थांबलो होतो." त्याने मेल पाठवून टाकला. "आणि अजून एक. ही पूड एकदा धुतली तरी पुरतं."

"काय? मग मला परत परत का धुवायला लावायचास?"

"तू शेजारी उभी राहायचीस ना."

कादंबरी कानापर्यंत लाल झाली. पाण्याची बाटली तिने त्याच्या हातात दिली आणि स्वतः कागद धरला.

"अजून एकदा धुऊ या," ती म्हणाली.