विचारलेला चहा

चहा गरम असावा. बाकी माझं काही म्हणणं नाही.

*

मधल्या खुर्चीवरच्या माणसाला हात टेकायला दोन्ही दांडे मिळावेत. चहाचं काय, चहा मी घरीही पितो.

*

बिस्किटाने चहात बुडताना जरा तरी तग धरावा.

*

उंचावर पाणी लवकर उकळतं, पण हवं तेवढं तापत नाही.

*

आमच्या ह्यांना विचारू नका. ते सगळ्याला हो म्हणतात. लग्नालाही असेच हो म्हणाले होते.

*

घरच्यासारखा मुळीच नको. घरचाच प्यायचा असता तर घरातून निघाले कशाला असते?

*

माझ्याकडे बघा. माझा चेहरा शांत आहे ना? मग विमानही शांत आहे.

*

यातलं शेवटचं वाक्य तिचं. पाण्याचं वाक्य त्याचं. बाकीची सगळी प्रवाशांची. तो प्रत्येकाच्या खुर्चीपाशी वाकून एकच प्रश्न विचारत होता, "विमानात विकत मिळणाऱ्या दुपारच्या चहाकडून आपली काय अपेक्षा आहे?" आणि लोक मनात येईल ते सांगत होते.

तो विमानतळामागच्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होता. दुपारच्या विमानांत चहाचा एक डबा विकला जायचा. त्यात चहाची पुडी, दुधाची इवलीशी कुपी, दोन त्रिकोणी सँडविचं, केकचा तुकडा आणि बिस्किटं असायची. तो डबा याच्याच डोक्यातून निघालेला. खाली स्वयंपाकघरात तो चहा चाखून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वर मात्र कुणी हात लावेना. गेले तसे डबे परत येऊ लागले, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं: आठवडाभर रोज दुपारी विमानाने जाऊन इथेच परत ये आणि येता-जाता लोकांना काय हवंय ते विचार.

अडचण एकच होती. इतकी वर्षं विमानात चहा पाठवणारा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला नव्हता. का, तर भीती वाटायची. हे साहेबांना माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, म्हणजे आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी त्याला पहिल्या रांगेतली जागा मिळाली, एक सी. समोर भिंत, भिंतीला कर्मचाऱ्यांसाठी घडीची खुर्ची. विमान वर चढलं तेव्हा त्याने दोन्ही दांडे असे पकडले की शेजारच्या गृहस्थांनी आपले हात मुकाट्याने मांडीवर घेतले.

"चहा घेणार?"

त्याने मान वर केली. ट्रॉलीमागे ती उभी होती. केस चापूनचोपून बांधलेले, तरी कानामागे एक बट सुटलेली. आणि चेहऱ्यावर हसू... ते नोकरीचं की तिचं स्वतःचं, हे काही कळेना.

त्याने स्वतःचाच डबा घेतला. चहा केला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा चहा मी केलेला नाही."

"मग काय मी केला?"

"नाही, म्हणजे... मीच केलाय. पण असा नव्हता केला."

तिने ट्रॉलीचा ब्रेक दाबला. "अय्या! ते डब्यावाले तुम्ही? किती दिवस शोधतेय मी तुम्हाला!"

त्याने एका हाताने पुन्हा दांडा पकडला. विमान तर स्थिर होतं.

"कशाला?"

"भांडायला." तिने एक डबा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हे झाकण. हिसका दिल्याशिवाय उघडत नाही. हिसका दिला की बिस्किट शेजाऱ्याच्या मांडीवर. मग ते तिथून उचलायचं कुणी? प्रवाशाने? शेजाऱ्याने? की मी?"

शेजारच्या गृहस्थांनी मांडीवरचे हात आणखी जवळ घेतले.

"लवंगे!" मागून तिच्या वरिष्ठ ताईंचा आवाज आला. "पुढे सरक गं बाई, मागे दुष्काळ पडलाय."

"लवंगे?" त्याने विचारलं.

"सगळे लवंगच म्हणतात मला. लहान आणि तिखट."

"चहात लवंग जास्त झाली की... जीभ बधिर होते."

"अजून अर्धा कप झाला नाही, आणि तुमची झालीसुद्धा," असं म्हणून ती ट्रॉली ढकलत गेली.

उतरताना ती दारात उभी होती, सगळ्यांना निरोप देत. त्याला म्हणाली, "उद्या परत?"

"शनिवारपर्यंत रोज."

"मग शनिवारपर्यंत भांडून घेऊ. पुढच्या महिन्यात मी सापडायची नाही. लांबच्या विमानांवर चाललेय, दुसऱ्या तळावर. होकार कळवायचा तेवढा राहिलाय." मग जरा थांबून म्हणाली, "तिथे तुमचा दुपारचा चहा नसतो. तिथे दुपारच नसते. एका रात्रीतून निघायचं, दुसऱ्या रात्रीत उतरायचं."

जिना उतरून तो जमिनीवर आला. जमिनीवर आल्याचा जो आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

*

चहा आणणाऱ्या व्यक्तीने घाईत नसावं. असली तरी दाखवू नये.

*

मंगळवारी ढग होते. विमान उतरायला लागलं आणि खडखड सुरू झाली. समोरच्या घडीच्या खुर्चीवर ती पट्टा बांधून बसली होती, हात मांडीखाली, पाय जुळवलेले. त्याने डोळे गच्च मिटले.

"एक सी," ती हळूच म्हणाली. "डोळे उघडा. माझ्याकडे बघा."

त्याने बघितलं.

"माझा चेहरा शांत आहे ना? मग विमानही शांत आहे. आम्हाला तेच शिकवलंय — तुमचा चेहरा लोक बघत असतात."

"आणि शांत नसला तर?"

"तर खुशाल डोळे मिटा."

विमान हेलकावत राहिलं. तो बघत राहिला. खिडकीतून ऊन आत आलं, तिच्या गालावरून घसरलं, गेलं, पुन्हा आलं. ती ऐटीत शांत बसली होती. फक्त कानामागची ती बट थरथरत होती, तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. चाकं टेकली तेव्हा त्याला वाटलं, एवढ्यात?

*

बुधवारपर्यंत विचारून विचारून त्याचा घसा बसला. चहाच्या वेळेआधी तो पडद्याआड, पाण्याच्या बंबापाशी गेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज जरा तुम्ही चहा विचाराल का? सगळ्यांना?"

तिने भुवया उंचावल्या. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने माइक उचलला. "प्रवासी मंडळी, आज आम्ही आपल्या सगळ्यांना चहा विचारत आहोत."

विमानात एकदम जाग आली. पेंगणारी डोकी वर झाली, वर्तमानपत्रं खाली आली. ती आणि ताई डबे वाटत निघाल्या. कुणी नको म्हटलं तर ती म्हणे, "अहो, घोटभर तरी घ्या." सगळ्यांनी घेतला. मागाहून पैसे घ्यायला यंत्र घेऊन ताई निघाल्या, तर पहिल्याच रांगेत एका आजींनी त्यांना अडवलं.

"पैसे कसले?"

"चहाचे, आजी."

"अगं, विचारलेल्या चहाचे कुणी पैसे घेतं का? मग विकतोय म्हणायचं होतं. विचारतोय कशाला म्हणालात?"

"बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळं विमानच बरोबर आहे म्हणालं. ताईंनी यंत्र बंद केलं आणि एक सी कडे असा कटाक्ष टाकला की त्याला त्या क्षणी हवेतल्या हवेत उतरावंसं वाटलं.

पडद्याआड तो कुजबुजला, "मी चहाबद्दल विचारा म्हटलं होतं!"

"'बद्दल' म्हणाला होतात? आठवा."

त्याने आठवलं. नव्हता म्हणाला.

"चहा विचारा म्हणालात. पाहुण्यांना विचारतात तसा विचारला मी."

"पण तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं असतं," ती कप रचत म्हणाली, "तर एवढी मजा आली असती का?"

ती गंमत करत होती की खरं बोलत होती... पुन्हा कळेना.

*

आजचा चहा छान होता. रोजचाच? शक्य नाही.

*

पाणी तेच, पुडी तीच, झाकणसुद्धा तेच मेलं. तरी आज एकही डबा परत आला नव्हता. तो रिकाम्या डब्यांकडे बघत उभा राहिला. तिने एक बूट काढला होता आणि भिंतीला टेकून टाच चोळत होती.

"गंमत बघा ना," ती म्हणाली. "विमानभर लोकांना रोज चहा विचारते मी. मला कुणी शेवटचा कधी विचारला, आठवतच नाही."

बंबात पाणी होतं. पुड्या हाताशी होत्या. स्वच्छ कप समोर होता. त्याने तोंड उघडलं.

"दुधाची कुपी उघडायला लोकांना त्रास होतो का?"

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग बूट घातला.

"होतो," ती म्हणाली. "काही लोकांना फार त्रास होतो."

*

गुरुवारी सकाळी साहेबांनी त्याला झापलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी आई झापत नव्हती, दुधी किसत होती.

"अख्ख्या विमानाला चहा पाजलास म्हणे."

"पाजला."

"आणि ती जी रोज तुझ्या बोलण्यात येते, तिला?"

"तिला मी... दुधाच्या कुपीबद्दल विचारलं."

आईची किसणी थांबली. "कशाबद्दल?"

"कुपी, आई. दुधाची."

"ती महिनाअखेरीला निघून चालली, आणि तू कुपी?" आईने कपाळाला हात लावला. तिथे दुधीचा कीस चिकटला. "मी उगीच आयुष्यभर तुझ्या बाबांना मुखदुर्बळ म्हणत आले. बरे होते रे ते."

शुक्रवारी तो ठरवून गेला. तिची ट्रॉली शेजारी आली तसा म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"म्हणजे चहा..."

"चहाकडून माझी अपेक्षा?" ती तत्परतेने म्हणाली. "गरम असावा. वेळेवर असावा. आणि देणाऱ्याने फार विचार करू नये." मागे कुणीतरी घंटी वाजवली आणि ती गेली. ती परत पुढे आली तेव्हा याचा धीर मागच्या मागे पळाला होता.

*

शनिवारी त्याने कुणालाच काही विचारलं नाही. चहा आला, गेला. ढग विरले, खाली रस्ते दिसायला लागले, रस्त्यांवर मुंगीएवढ्या गाड्या. विमान उतरू लागलं. ती समोर येऊन बसली, खटकन पट्टा लावला, हात मांडीखाली. दोघांत हातभर अंतर. यानंतर तो स्वयंपाकघरात आणि ती कुठल्या तरी रात्रीत.

"ऐका," तो म्हणाला. "माझ्याकडे बघा. माझा चेहरा शांत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मुळीच नाही. पट्टा लावलाय ना?"

"लावलाय. मी तुम्हाला चहा विचारतोय."

इंजिनाचा आवाज बदलला.

"चहाबद्दल?" तिने हळूच विचारलं.

"नाही. 'बद्दल' नाही. चहा."

 उतरताना कर्मचाऱ्यांनी फार बोलायचं नसतं, हे त्यालाही आता माहीत झालं होतं. तिने खिडकीकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, छताकडे बघितलं. बघायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा त्याच्याकडे बघितलं. ओठ दाबून धरले होते, तरी हसू गालांवर आलं होतं, कानापर्यंत लाली चढली होती. शिकवलेलं सगळं ती विसरली होती.

तिचा चेहरा जराही शांत नव्हता. विमान मात्र पिसासारखं उतरलं.

लोक गेले. तो बसून होता.

"एक सी, उतरायचंय, की घर इथेच करताय?" ताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सामान आवरायला मागे गेल्या. मुद्दाम अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

"कुठे?" तिने विचारलं.

"खाली. आमच्या स्वयंपाकघरात. तिथे पाणी नीट तापतं."

"लवंग घालणार?"

"एकच."

"आणि पैसे?"

"विचारलेल्या चहाचे..."

"कळलं," ती म्हणाली. "थांबा. बॅग घेऊन येते."

स्वयंपाकघरात दुपारची पाळी संपली होती. स्टीलची लांबलचक टेबलं पुसून लख्ख झाली होती, आणि उंच खिडक्यांमधलं पिवळं ऊन त्यांच्यावर पसरलं होतं. त्याने पाणी ठेवलं, खळखळून उकळू दिलं. तिने टेबलाखाली दोन्ही बूट काढून टाकले. कप ओंजळीत धरला, वाफ चेहऱ्यावर घेतली, एक घोट घेतला... आणखी एक.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"गप्प बस जरा," ती डोळे मिटून म्हणाली. "पिऊ दे."

बस. बसा नाही. त्याने ते ऐकलं, आणि तो खरंच समोरच्या स्टुलावर बसला.

बऱ्याच वेळाने धीर करून म्हणाला, "पुढच्या महिन्यात तुम्ही... तू लांबच्या विमानांवर गेलीस की मग..."

तिने एक बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि दोघंही श्वास रोखून बघत राहिली. बिस्किटाने तग धरला.

लांबच्या विमानांना तिने मंगळवारीच नकार कळवला होता.