हलकी लिफ्ट वर जाते

"ऐकायचं तर गप्प बसा. मधेच कुणी पाणी मागायचं नाही," अंधारात जिन्यावर बसलेल्या पोरांना म्हातारे काका म्हणाले. "ही माझ्या साडूची गोष्ट. लिफ्टचा मेकॅनिक तो. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, ते त्याच्यात उरलेलं नाही."

मागच्या महिन्यातला दुसरा मंगळवार. रात्री सव्वा वाजता साडूला एका बिल्डिंगच्या वॉचमनचा फोन आला. लाइट गेलेली, लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेली. आत एक बाई, कडेवर तान्हं बाळ. बाळ तापाने फणफणलेलं, दवाखान्यात निघाली होती बिचारी. दिवसभर राबून साडूचे पाय भरून आले होते. तरी उठला. नऊ मजले चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला.

वॉचमन चावी घेऊन चौथ्यावर उभा होता. साडूने त्याला फोन लावला. "पाचव्यावर जा. लिफ्ट वर येईल."

"वर? आपोआप?"

"अरे, दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं. चार माणसांसकट लिफ्ट तोलून धरेल एवढं. आत बाई न् बाळ, म्हणजे लिफ्ट हलकी. ब्रेक सोडला की वरच येणार."

त्याने ब्रेक सोडला.

लिफ्ट खाली निघाली.

दोर सरकले की काय? ब्रेक लावला. थांबली. बॅटरी मारून पाहिलं. दोर ठीक. पुन्हा सोडला, हळूच... पुन्हा खाली. जड. गच्च भरल्यासारखी.

"वॉचमन... आत किती जण आहेत?"

"एकटीच आहे हो."

ब्रेक धरत, सोडत साडूने लिफ्ट चौथ्यावर टेकवली. वॉचमनने खाली पळत जाऊन दार उघडलं.

साडू उतरून आला तेव्हा बाई बाहेर उभी होती.

"ताई, आत अजून कोण होतं?"

"कुणीच नाही, दादा. पण... बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायलासुद्धा जागा होईना."

वॉचमन तिला घेऊन जिन्याने धावला. बाळ वाचलं, ते आधीच सांगून टाकतो.

साडू पायरीवर टेकला. उठायची ताकद नव्हती. तेवढ्यात लाइट आली. समोर लिफ्ट उघडी. रिकामी.

आणि आतली घंटा वाजू लागली. माणसं जास्त झाली की वाजते, ती.

काका थांबले.

"मग?" धाकटीने विचारलं.

"मग... घंटा थांबली."

"म्हणजे?"



"ती घंटा कधी थांबते, बाळा? आतला एकजण बाहेर आला, की."